वाचनालयाची वायर

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

चर्चमधल्या मिस्साहून परत येताना आज उगीच आठवलं. फेबियन तेव्हा आठ वर्षांचा होता. दुपारी माझा टायपिंग क्लास रिकामा असायचा. मी मागच्या बाकावर बसून मुलींचे कागद तपासायची आणि तो कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर एका बोटानं ठोकत बसायचा. मध्येच विचारायचा, "मावशी, तुझ्या नावात एच कितवा?" मी सांगायची, पाचवा. फ्लॉसी, म्हणजे माझी बहीण, त्याची आई, मीठ लावलेले पेरू डब्यातून पाठवायची. ते आम्ही दोघं न बोलता खायचो. त्या दुपारी काहीच घडलं नव्हतं. तरी आज रस्त्यात उभी राहून मी ती पुन्हा पूर्ण आठवून घेतली.

क्लास बंद होऊन सहा वर्षं झाली. आता सिस्टर आल्बिनांनी मला परत कामाला लावलंय. माणिकपूरला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं केंद्र आहे. एचआयव्ही झालेल्या माणसांना तिथं सल्ला मिळतो, औषधांना मदत होते. जिना वाचनालयातूनच वर जातो, म्हणून येणारा पुस्तक बदलायला आलाय असं लोकांना वाटतं. ही सिस्टरांची हुशारी. पत्रं आणि अहवाल माझ्याकडे, भेटींच्या तारखा खाडीकाठच्या हंसा नावाच्या मुलीकडे. आम्हा दोघींना कागदावर फक्त क्रमांक दिसतात. नावांची फाईल कॉम्प्युटरमध्ये वेगळी कुलूपबंद असते आणि ती सिस्टरच उघडतात. सध्या त्रेचाळीस क्रमांक आहेत. आमच्या ओळखीच्या घरांमधले त्रेचाळीस. कधीकधी मिस्साच्या वेळी पुढच्या बाकांकडे बघताना मनात मोजणी सुरू होते आणि माझी मलाच लाज वाटते.

ही वही मी शाळेत शिकलेल्या मराठीत लिहिते. घरी आम्ही असं बोलत नाही. फ्लॉसीनं वाचली तर हसेल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

केंद्राचा कॉम्प्युटर फेबियननं लावून दिला. पैसे घेत नाही. जहाजावरची नोकरी सोडून आल्यापासून तो हीच कामं करतो.

खाली वाचनालयातल्या सहा कॉम्प्युटरांवर त्यानं लिनक्स घातली आहे, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, पेंग्विनचं चित्र असलेली. वरच्या एकट्यावर मात्र दुसरीच काहीतरी. तीही फुकटचीच, पण वेगळ्या लोकांनी बनवलेली. तिचं चित्र म्हणजे फुगलेला केंड मासा.

हंसा बघून म्हणाली, "टीचर, ह्यो खाडीत जाळ्यात आला तर आमी फेकून देतो. ह्याला कोन खातो?"

"म्हणूनच ठेवलाय," फेबियन म्हणाला. "कोणी खात नाही."

मी विचारलं, दोन प्रकार कशाला? तो म्हणाला, "खालच्यात कधी भोक सापडलं तर त्याच भोकातून वर येता येऊ नये म्हणून. दोन्ही एकसारखी असली तर एक फोडणाऱ्याला दुसरी फुकटात मिळते."

"भोक सापडेलच कशाला? तूच म्हणतोस, हे सगळं उघडं असतं, जगातला कुणीही आतलं वाचू शकतो."

"वाचतात म्हणूनच चुका सापडतात, मावशी. पण सापडली की जाहीर होते, आणि मग चोरालाही कळते. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी दुरुस्त करायचं. उद्यावर टाकायचं नाही."

मला ते सगळं फार पटलं नाही. माझ्या क्लासमध्ये ते कोपऱ्यातलं जुनं सोडलं तर बारा मशीनं होती, सगळी एकाच कंपनीची, एकाच वर्षी घेतलेली. एक बिघडलं तर मुलगी शेजारच्यावर बसायची, बोटं अडखळायची नाहीत. शाळेतही तेच शिकवलं. एकच गणवेश, एकच रिबन, सगळ्यांची ओळ सरळ. सोय त्यातच असते.

केंड माशावर हंसाला काही सापडत नाही. मराठी अक्षरं नीट उमटत नाहीत, प्रिंटर रुसतो. दिवसाला दहा वेळा "टीचर, हे काय?" चालू असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

फ्लॉसीकडे जेवायला गेले होते. फेबियनसाठी राजोडीचं एक स्थळ आलंय. मुलगी परिचारिका आहे, घरचे चांगले. त्यानं फोटो पाहिलासुद्धा नाही. फ्लॉसी भांडी आपटत होती.

निघताना मी त्याला हळूच विचारलं, "कुठं दुसरीकडे जमलंय का? दर गुरुवारी न चुकता केंद्रावर येतोस. हंसासाठी तर नाही ना? तिचे भाऊ खाडीत बुडवतील तुला."

तो इतका हसला की खोकला लागला. "मावशी, तू पोलिसात जायला हवी होतीस."

गुरुवारी केंद्रावर डॉक्टर येतात, त्यामुळे गर्दी असते आणि तेव्हाच काही बिघडलं तर पंचाईत. म्हणून येत असेल बिचारा. फार वाळलाय. जहाजावरचं खाणं अजून अंगाला लागलेलं नाही असं फ्लॉसी म्हणते. पण येऊन दोन वर्षं झाली.

९ डिसेंबर, मंगळवार

फेबियन महिनाभरासाठी बंगळूरला कामावर गेलाय. आज अहवाल छापताना मशीननं पुन्हा हात वर केले. परदेशातल्या मदत करणाऱ्यांना तो महिनाअखेर पाठवायचा आहे. हंसा रडायला आली.

शेवटी एव्हरशाईन सिटीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या कल्पेशला बोलावलं. त्यानं केंड मासा बघून कपाळाला हात लावला. "आंटी, ये किसने डाला? खालच्यासारखंच करून देऊ? एकदम सेम टू सेम?"

मी म्हटलं, कर. त्यानं वाचनालयातल्या एका कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी वर उतरवली आणि नावांची फाईल परत जागच्या जागी ठेवली. दोन तासांत काम झालं. हंसानं लगेच वीस नोंदी केल्या. आता ती खाली बसो की वर, सगळं एकसारखं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

८ जानेवारी २००४, गुरुवार

फेबियन परत आला. वर येऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि पेंग्विन बघून तसाच खुर्चीत बसून राहिला.

"कोणी केलं?"

"मी करून घेतलं. काम अडत होतं."

"खालची डिस्क उतरवली? म्हणजे आत शिरायच्या किल्ल्यापण त्याच आहेत? खालून वर यायला आता विचारायचीसुद्धा गरज नाही."

मला राग आला. सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हटलं, "तुला तुझी हुशारी दाखवायची आहे. इथं काम करणारी माणसं साधी आहेत. प्रत्येक मशीनला वेगळी पूजा घालत बसायला वेळ नाही कुणाला."

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, निदान नावं तरी कागदावर ठेवा ना. कपाटात."

"का? तुझं काय जातंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि "काही नाही" म्हणाला.

मार्चअखेरचा अहवाल गेला की त्याला हवं ते करू दे, असं सिस्टरांनी ठरवलं. तो मान हलवून जिना उतरला. डॉक्टरांना न भेटताच गेला असं हंसा म्हणाली. डॉक्टरांना त्यानं कशाला भेटायचं? ही पोरगी काहीही बोलते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फेबियन दहा दिवस तापानं पडून आहे. आज दुपारी त्याचा वाचनालयात फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशी, लिनक्समधल्या एका प्रोग्राममध्ये भोक सापडलंय. काल जाहीर झालं. मला उठता येत नाही. तू फक्त एक कर. खिडकीखाली डबा आहे, त्यातली निळी वायर काढ. सगळ्यांचं इंटरनेट बंद होईल. मी बरा होईपर्यंत तशीच राहू दे."

"बरं."

"आत्ता काढ. मी फोन धरतो."

सहाही कॉम्प्युटरांवर पोरं बसली होती. जहाज कंपनीच्या मुलाखतीचा निकाल आज ईमेलवर यायचा होता. सकाळपासून वाट बघत होती, दोघांच्या आयासुद्धा दाराशी उभ्या होत्या. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"काढली," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो रे बाबा, काढली. झोप आता."

निकाल पाचला आला. चार पोरांची निवड झाली. एकाच्या आईनं माझे हात धरले. त्या गडबडीत वायर राहिलीच. उद्या काढीन. एका दिवसानं काय होतंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज वायर काढली. शुक्रवारी हंसा नव्हती, तिचंही काम माझ्यावर आलं, शनिवारी मी मयतीला गेले होते. सगळं जागच्या जागी आहे. काही झालेलं दिसत नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला पहिला रविवार. मिस्सा संपल्यावर आवारात माणसं घोळक्यानं उभी होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एकानं माझ्या हातात झेरॉक्स दिली. वर आमच्या केंद्राचं नाव. खाली क्रमांक, आणि क्रमांकांपुढे नावं.

मी ती न वाचता चार वेळा घडी घातली. देणाऱ्याला म्हटलं, "लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "आम्हाला कशाला? तुमच्याकडनंच आलीय, टीचर."

रिक्षा स्टँडवर तीच, पानाच्या टपरीवर तीच. घरी येऊन मी ती चुलीत घातली. एकही नाव वाचलं नाही. वाचलं असतं तर मीही त्यांच्यातलीच झाले असते.

कल्पेश येऊन बघून गेला. शुक्रवारी की शनिवारी, इंटरनेटवर फिरणारा एक प्रोग्राम त्या भोकातून खालच्या मशीनांत शिरला आणि दार उघडं ठेवून गेला. मग वाचनालयात बसणाऱ्या कुणीतरी ते उघडं दार पाहिलं. वर जायला त्याच किल्ल्या होत्या. सिस्टर नावांची फाईल उघडायच्या तेव्हा त्यांच्याबरोबर तोही वाचत असणार. कोण ते कळायला मार्ग नाही. सिस्टरांनी सगळ्या डिस्का पुसून टाकायला सांगितल्या.

"केंड मासा असता तर?" मी विचारलं.

"तो नसता फुटला, आंटी. ते भोक त्याच्यात नव्हतंच." मग घाईनं म्हणाला, "पण तुम्हीच बोललात ना, सेम टू सेम."

२ मार्च, मंगळवार

फ्लॉसी आली. चपला न काढता स्वयंपाकघरापर्यंत आली आणि तो कागद ओट्यावर ठेवला.

"सत्तावीस वाच."

"मी हे वाचत नाही, फ्लॉसी."

"वाच."

क्रमांक २७. फेबियन. पुढे आमच्याच आळीचं नाव.

"खोटं आहे ना?" ती म्हणाली. "बर्था, तुझ्याच मशीनमधून आलंय. तू सांग, मशीन चुकतं ना? तुम्ही लोक टायपिंगमध्ये चुकता ना?"

क्रमांक २७ ला मी आठ पत्रं टाईप केली आहेत. 'आपली पुढची तपासणी गुरुवारी आहे.' 'आपले वजन कमी होत असल्याने.' आठही पत्रं.

 फ्लॉसीनं कागदाची घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "त्याला टीबी झालाय. कुणी विचारलं तर तू टीबीच सांगायचं."

४ मार्च, गुरुवार

डॉक्टर दिवसभर बसून होते. एरवी अठरा-वीस येतात. आज दोन आले. त्यातली एक राजोडीची जयवंती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. काल दिरानं तिची ट्रंक आणि मुलीचं दप्तर रस्त्यावर ठेवलं. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "बाई, तुमी म्हनालेला, इथून काय बाहेर जात नाय."

मी म्हणाले होते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी पाणी देताना मीच ते वाक्य म्हणायची.

बाकीचे कुठं गेले? औषधं संपली की काय करतील? सिस्टर तासाला एकदा जिन्याच्या तोंडाशी जाऊन बघून येत होत्या.

२० मार्च, शनिवार

पापनिवेदनाला गेले. कल्पेशला बोलावलं ते सांगितलं, फेबियनला सगळ्यांदेखत टाकून बोलले ते सांगितलं, हट्टीपणा सांगितला. फादरांनी प्रार्थना सांगितल्या, त्या मी म्हटल्या.

वायरचं सांगितलं नाही.

१३ एप्रिल, मंगळवार

ईस्टरनंतर फेबियनला भेटायला गेले. फ्लॉसीनं त्याला मागची खोली दिली आहे, पडदे लावून. त्याचं ताट वेगळं ठेवते आणि मग ते घासताना रडते.

मुंबईच्या सरकारी इस्पितळात या महिन्यापासून औषधं फुकट मिळायला लागली आहेत. सिस्टर दोनदा येऊन सांगून गेल्या. तो जात नाही.

"तिथं रांगेत वसईचे चार जण असतील," तो म्हणाला. "उरलेल्यांनाही कन्फर्म होईल. मम्मी टीबी सांगतेय, राहू दे ना तिचं."

मी त्याचे पाय दाबत होते. नुसती हाडं. कसं झालं, कुठं झालं, मी विचारलं नाही. लहानपणी पडून गुडघा फोडून यायचा तेव्हाही आधी औषध लावायची, मग विचारायची. आता लावायला काही नव्हतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मावशी, एक सांग. त्या गुरुवारी वायर काढली होतीस ना?"

फ्लॉसी दारात उभी होती.

"हो," मी म्हटलं.

"फोनवर मी धरलं होतं तेव्हाच?"

"तेव्हाच."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ विचार करत होता, कॉम्प्युटरपुढे बसल्यावर करतो तसा. "म्हणजे आधीच कोणीतरी आत होता. खालची मशीनं मीच लावली होती. माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असणार." मग डोळे न उघडता माझा हात थोपटला. "तू नको मनाला लावून घेऊ. तू सांगितलं ते केलंस."

मी उठून पाणी आणायला गेले.

६ जून, रविवार

फेबियन उठून बसत नाही. शेवटी सिस्टरांनी आणि मी मिळून इस्पितळात न्यायला गाडी आणली, पण तो चढला नाही. फ्लॉसीही म्हणाली, नको, शेजारी बघतायत. दर भेटीला मी ठरवून जाते की आज सांगायचं. तो वायरबद्दल पुन्हा विचारत नाही. एकदा म्हणाला, "रात्री झोप येत नाही तेव्हा मी आठवून बघतो, नक्की कुठं चुकलो." तेव्हाच सांगायचं होतं. त्याच वेळी फ्लॉसी पेज घेऊन आली, आणि मला बरं वाटलं की ती आली.

२२ जुलै, गुरुवार

सकाळी सव्वासहाला फेबियन गेला. शेजारच्यांपैकी तिघं आले. शवपेटी उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा हंसाचे दोन्ही भाऊ पुढे झाले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

फ्लॉसी सगळ्यांना सांगत होती, टीबी. मीही सांगितलं.

८ ऑगस्ट, रविवार

केंद्र बंद होतंय. नावं पुन्हा कुठल्याही मशीनमध्ये घालायची नाहीत असं सिस्टर आल्बिनांनी ठरवलंय. ज्याचे कागद त्याला परत द्यायचे. मी आठवडाभर बसून त्रेचाळीस पाकिटं केली. सोळा मी स्वतः नेऊन दिली. काही घरांनी दार उघडलं नाही, तिथं पुन्हा जाईन. पण माझं वय एकसष्ट आहे आणि छातीत दुखतंय, म्हणून हे पान फाडून हंसाकडे देऊन ठेवते.

हंसा, पाकिटांवर नावं नाहीत, क्रमांकच आहेत. नावं सिस्टर तुला तोंडी सांगतील. लिहून घेऊ नकोस.

क्रमांक ९ जयवंतीचा आहे. ती आता आगाशीला भावाच्या मागच्या पडवीत राहते. पाकिटाबरोबर माझं शिवणयंत्र तिला दे. ती नाही म्हणेल. तिथंच ठेवून ये.

क्रमांक १४ आणि १५ नवरा-बायको आहेत. दोन्ही पाकिटं बायकोच्याच हातात दे.

ज्या पाच जणांचा पत्ता लागत नाही त्यांची पाकिटं सिस्टरांकडे द्यायची. वर्षभर वाट बघून त्या ती स्वतः जाळतील.

माझं घर विकू नये. पुढच्या खोलीत दर गुरुवारी डॉक्टर बसायला तयार आहेत. बाहेर पाटी लावू नका. मी असले काय, नसले काय, खोली त्यांचीच.

माझी सोन्याची साखळी तुझी. तुझ्या भावांना सांग, मावशीनं दिली.

फेबियनचा कॉम्प्युटर त्याच्या खोलीत आहे, तो कल्पेशला दे. बिचारा पोरगा अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. त्याला सांग, त्यानं मी सांगितलं तेवढंच केलं.

क्रमांक २७ चं पाकीट फ्लॉसीला दे, आणि त्याच्याबरोबर ही वही. आधी मी लिहिलं होतं की मी गेल्यावर दे. ते खोडलंय. येत्या रविवारी मिस्सानंतर ती घरी एकटी असेल तेव्हा नेऊन दे. १९ फेब्रुवारीच्या पानात मी कागद घालून ठेवलाय. तिथून पुढे वाच म्हणावं. तिच्या पोरानं काही चूक केली नव्हती हे तिला कळायला हवं.

त्या दिवशी मी तुला अडवीन. अजून थोडे दिवस थांब म्हणेन, तिची तब्येत बरी नाही म्हणेन. रडेनसुद्धा. मी नको म्हटलं, तरी दे.